वाद्य, यंत्र आणि वादकाचे नाव

यंत्र आले की माणूस गेलाच, हे वाक्य कामगारांच्या सभांतून आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचे कोणास काही वाटेनासे झाले आहे. गिरणीत ते पुष्कळदा खरे ठरले, आणि आमच्या जालन्याच्या जिनिंगमध्ये व लोखंडाच्या कारखान्यांतही त्याचा अनुभव लोकांनी घेतला आहे. परंतु यंत्र वाद्यांत शिरले तेव्हा काय झाले, ह्याची विचारपूस चळवळीतील माणसांनी फारशी केली नाही. गाणे-बजावणे ही करमणूक, ते काही काम नव्हे, अशी आपली एक समजूत असते. ऐकणाऱ्यापुरती ती ठीक आहे. वाजवणाऱ्याला मात्र ते कामच असते. वैशाखाच्या उन्हात जाड कोट अंगावर चढवून, तोंडाला पितळी कर्णा लावून नवरदेवाच्या घोड्यापुढे चालणाऱ्या माणसाला तुमची करमणूक केवढ्याला पडते, हे विचारून पाहावे.

म्हणून आज आम्ही एका ध्वनिमुद्रिकेविषयी लिहिणार आहोत. ती १९८२ साली आपल्या मुंबईत निघाली. तिचे नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’. काढली एच.एम.व्ही.ने आणि वाजवली चरणजितसिंग नावाच्या गिटारवादकाने. दहा राग, आणि सगळे विजेच्या यंत्रांवर. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती ही एका बाजूस, आणि मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी ही दुसऱ्या बाजूस.

चरणजितसिंग हे मुंबईच्या सिनेसंगीतातील रोजंदारीचे वादक होते. रोजंदारी हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. मोठमोठ्या संगीतकारांच्या वाद्यवृंदात त्यांनी गिटार व बास गिटार वाजवली, सिनेमातील चालींच्या नुसत्या वाद्यांवरच्या तबकड्या काढल्या आणि लग्नसमारंभांतून स्वतःचा ऑर्केस्ट्राही चालवला. म्हणजे आपल्याकडचा बँडवाला आणि ते, जात एकच. फरक असेल तो कोटाचा.

आता सिंथेसायझर म्हणजे काय ते थोडे समजून घ्यावे लागेल, कारण ‘कॅसिओ’ ह्या एकाच नावाखाली आपण काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रत्येक यंत्र घालून मोकळे होतो. सतारीची तार छेडली की ती थरथरते, तिच्याबरोबर हवा थरथरते आणि आपल्याला सूर ऐकू येतो. सिंथेसायझरमध्ये थरथरते ती वीज. आतील मंडल विजेच्या प्रवाहाला सेकंदाला अमुक इतकी आंदोलने देते; ती वाढवली की सूर चढतो, कमी केली की उतरतो. हा कच्चा सूर फार कर्कश असतो. म्हणून तो एका चाळणीतून नेतात. पिठाची चाळणी जसा कोंडा अडवते तशी ही चाळणी सुरातील वरची तीक्ष्ण आंदोलने अडवते, आणि तिची भोके बारीक-मोठी करण्याची खुंटी वादकाच्या हाती असते. तिसरा भाग ठरवतो की सूर कसा उगवावा आणि कसा मावळावा. तबल्याच्या थापेसारखा चटकन उठून विरावा, की बासरीसारखा हळूहळू भरत जावा? ह्या तीन गोष्टी कळल्या की बाकी सारा खुंट्यांचा विस्तार आहे.

ही विद्या मुंबईला १९८२ साली नवी होती असे मात्र नव्हे. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातील पुंगी ज्यांनी ऐकली आहे त्यांनी विजेचे वाद्यच ऐकले आहे. ती पुंगी गारुड्याची नव्हती. क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेच्या पेटीवर ती कल्याणजींनी वाजवली होती. गावोगाव लोकांच्या अंगात त्या सुरावर नाग आले, आणि ते विजेच्या दिव्याच्या धाकट्या भावाने आणले होते! पुढे १९७० नंतर केरसी लॉर्ड ह्यांनी मिनीमूग हे सिंथेसायझर मुंबईच्या स्टुडिओत आणले. केरसी हे वादकांच्या घरातले. वडील कावस लॉर्ड तालवाद्ये वाजवीत, भाऊही वादक. एक माणूस एका पेटीतून बासरीही काढतो आणि तुतारीही, हे पाहून शेजारच्या बासरीवाल्याच्या मनात काय आले असेल ते कामगारांना समजावून सांगायला नको.

चरणजितसिंगांनी सिंगापूरहून जपानच्या रोलँड कंपनीची यंत्रे आणली. त्यांपैकी तीन ह्या तबकडीवर आहेत. ज्युपिटर-८ ह्या मोठ्या पेटीवर रागाची सुरावट वाजते. टी.आर.-८०८ हे ताल देणारे यंत्र. त्यात खऱ्या ढोलाचा आवाज भरून ठेवलेला नाही, ढोलासारखा ठोका विजेच्या मंडलातूनच तयार होतो. तिसरे टी.बी.-३०३, एखाद्या जाड वहीएवढी चांदीच्या रंगाची पेटी. हिची कथा मोठी गमतीची आहे. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला साथीला बास गिटार हवी, आणि ती वाजवणारा दुसरा माणूस परवडत नाही किंवा मिळत नाही. त्याच्यासाठी ही पेटी काढली होती. म्हणजे तिचा जन्मच एका वादकाची जागा घेण्यासाठी झाला. सोळा घरांत सोळा सूर भरून ठेवायचे आणि कळ दाबायची, की ती तेच आवर्तन न थकता फिरवीत बसते. आणि ह्याच कामात ती नापास झाली! बास गिटारीसारखा आवाज तिला कधीच निघाला नाही. १९८१ साली बाजारात आली आणि १९८४ साली कंपनीने ती बंद केली.

पण तिच्यात एक गुण होता आणि तो चरणजितसिंगांनी हेरला, असे तबकडी ऐकताना आम्हांस वाटते. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्याची सोय तिच्यात होती. आपल्याकडे त्यास मींड म्हणतात. आता वाचकांपैकी ज्येष्ठांना आठवत असेल की १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला आपल्या दारातून बाहेर काढले होते आणि ती बंदी १९७१ पर्यंत पुरती उठली नव्हती. तक्रार एवढीच की पेटीला मींड नाही आणि तिचे सूर ठोकून बसवलेले. ज्या महाराष्ट्राने गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकली आणि बालगंधर्वांच्या गाण्यामागे ऑर्गन ऐकला, त्याला ही बंदी कधीच पटली नाही, हा भाग निराळा. सांगायचे ते हे की जी गोष्ट हार्मोनियमला जमत नव्हती ती ह्या नापास पेटीला जमत होती. चरणजितसिंगांनी तिच्याकडून तंबोऱ्याचे आणि मींडेचे, दोन्ही कामे करून घेतली. खाली तेच ते सूर फिरत राहतात, चाळणीची खुंटी उघडते-मिटते, तसा त्यांचा रंग पालटतो, आणि वर ज्युपिटर राग सांगत जाते.

तबकडी राग म्हणून कशी आहे? आमचे मत स्पष्ट आहे. राग म्हणून ती तोकडी आहे. रागाला वेळ द्यावा लागतो; विलंबितातून मध्य, मध्यातून द्रुत असा तो वाढतो. येथे पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत एकच चाल, घड्याळासारखी. सकाळची तोडी आणि रात्रीचा मालकंस एकाच दिव्याखाली नाचतात. बैठकीत बसून गाणे ऐकलेल्या माणसाने नाक मुरडले तर त्याला दोष देता यायचा नाही. पण ती ऐकताना एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवते. यंत्र वाजते आहे आणि तरीही कोणीतरी वाजवतो आहे. कलावतीत वरच्या षड्जावर जाताना जो हात किंचित थबकतो, तो यंत्राचा नव्हे. तो वीस-वीस वर्षे दुसऱ्यांच्या गाण्यांमागे गिटार वाजवलेल्या माणसाचा हात आहे.

तबकडी फारशी खपली नाही. रागवाल्यांना ती डिस्को वाटली आणि डिस्कोवाल्यांना ती रागदारी. शिवाय १९८२ हे साल मुंबईच्या कष्टकऱ्याला दुसऱ्याच कारणाने आठवते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. एकाच शहरात, एकाच वर्षी, एकीकडे मागांचे आवाज थांबले आणि दुसरीकडे एक गिटारवादक घरी बसून यंत्राला भैरवी शिकवत होता. ह्या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध होता असे आम्ही म्हणत नाही. आम्हांला मात्र त्या वेगळ्या आठवता येत नाहीत.

आता थोडे समुद्रापलीकडे जाऊ. पुढच्याच वर्षी, मार्च १९८३ मध्ये, अमेरिकेत झी झी टॉप ह्या तिघांच्या मंडळीची ‘एलिमिनेटर’ ही तबकडी निघाली. टेक्सासमधील ह्यूस्टनची ही मंडळी ब्लूज वाजवणारी. ब्लूज म्हणजे काय ते आमच्या कापूसवाल्या भागाला सांगणे सोपे जाईल. मिसिसिपीकाठच्या कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या काळ्या माणसांचे ते गाणे. आपल्या जात्यावरच्या ओवीसारखे ते श्रमातून आले. बारा मात्रा-खंडांचे आवर्तन, आणि गांधार व निषाद हे सूर नेमके आपल्या जागी न बसता जरा खाली ओढलेले. गिटारीवर हे सूर ओढण्यासाठी ते लोक बाटलीची मान कापून बोटात घालीत आणि तारेवरून घसरवीत. पुन्हा मींडच! पुढे हे मजूर पोटासाठी उत्तरेच्या शहरांत गेले. मडी वॉटर्स हा त्यांचा मोठा गायक मळ्यावर ट्रॅक्टर चालवीत असे. १९४३ मध्ये तो शिकागोला आला आणि गोंगाटात ऐकू जावे म्हणून त्याच्या गिटारीला वीज लागली. कोकण-घाटावरचा माणूस गिरणगावात आला आणि तेथे त्याची शाहिरी, त्याचा तमाशा नव्या आवाजात उभा राहिला. अण्णाभाऊ साठ्यांचे आयुष्य ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

तर ‘एलिमिनेटर’मध्ये ह्या ब्लूजच्या गिटारीखाली सिंथेसायझर आणि यंत्राचा ताल घातला होता. चाल मिनिटाला एकशेवीस ठोक्यांच्या आसपास एकसारखी, घड्याळी. तबकडी तुफान चालली. नुसत्या अमेरिकेत एक कोटी प्रती खपल्या. वेष्टनावर नावे त्या तिघांची : गिब्बन्स, हिल आणि बियर्ड. पण ह्या घड्याळी चालीचा अभ्यास, यंत्रांची जुळणी आणि सुरुवातीच्या मुद्रणांची बरीच खटपट लिंडेन हडसन नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने केली होती. तो त्यांच्यापैकी एकाच्या घरी राहून, तेथल्याच स्टुडिओत काम करीत होता. वेष्टनावर त्याचे नाव कोठेही नव्हते. ‘थग’ ह्या गाण्यावर आपला हक्क आहे हे त्याने पुढे कायद्याच्या मार्गाने दाखवून दिले, आणि मंडळीला त्यास सहा लाख डॉलर द्यावे लागले.

हडसनला सहा लाख डॉलर का मिळाले? त्याच्या हाती कागद होता म्हणून. गाण्याची नोंद त्याने आपल्या नावावर केलेली होती. बाकीच्या कामाचा कागद नव्हता, तेव्हा त्याविषयी आजपर्यंत नुसत्या मुलाखती आणि वाद आहेत.

मुंबईच्या वादकांकडे असा कागद नसे. साठ-सत्तरच्या दशकांत एका गाण्यासाठी पन्नास-पन्नास, प्रसंगी शंभर वादक एकदम बसत. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूबमध्ये गायक आणि सारा वाद्यवृंद एकाच वेळी मुद्रित होई. एकाचा सूर चुकला की पुन्हा पहिल्यापासून. त्या वादकांत गोव्याचे ख्रिस्ती वादक फार मोठ्या संख्येने होते, कारण चर्चच्या शाळांत त्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता-लिहिता येई आणि मुंबईत ती विद्या दुर्मीळ होती. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनांचा वाद्यवृंद बांधीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन शिकवीत. प्यारेलाल त्यांचे शिष्य. ह्या गोन्साल्विसांचे नाव सबंध देशाच्या तोंडी झाले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये शिष्याने गुरुदक्षिणा म्हणून गाण्यात घातले म्हणून. चित्रपटाच्या नामावलीतून ते लोकांपर्यंत कधी पोचले नव्हते. वादकांनी आपली संघटना बांधली, सिने म्युझिशियन्स असोसिएशन. प्रतवारीप्रमाणे पाळीचे दर ठरवून घेतले, हे मोठेच काम झाले. पण दर म्हणजे मजुरी. नाव आणि नंतरचा वाटा हे दोन्ही दरपत्रकात नव्हते.

पुढे १९८० च्या अखेरीपासून वाद्ये एकेकटी, निरनिराळ्या वेळी मुद्रित होऊ लागली, व्हायोलिनांच्या ताफ्याचा आवाज यंत्रात साठवून ठेवता येऊ लागला, आणि शंभर जणांचे दालन ओस पडत गेले. दोष यंत्राला देणे सोपे आहे. पण पाहा, १९९२ च्या ‘रोजा’पासून ए. आर. रहमान ह्यांनी संगणक आणि सिंथेसायझर ह्यांवरच आपले घर उभारले, आणि कॅसेटच्या कागदावर वादकांची नावे छापण्याचा पायंडाही त्यांनीच रूढ केला. ज्याच्या हाती सर्वांत जास्त यंत्रे, त्याच्याच कागदावर सर्वांत जास्त नावे.

नावाचा हा आग्रह कशासाठी, तर कायदा नावावरच चालतो. २०१२ साली कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा हिस्सा मिळाला की तो वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून इतर कोणासही लिहून देऊन टाकता येत नाही. कलावंताचा हक्कही रुंदावला. त्याच्या वादनाचा धंद्यासाठी उपयोग झाला तर त्याला रॉयल्टी आहे. परंतु ‘कलावंत’ शब्दाच्या व्याख्येला एक शेपूट जोडले आहे. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक वा आनुषंगिक आहे, आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचा उल्लेख नामावलीत किंवा अन्यत्र कोठेच होत नाही, त्याला कलावंत समजू नये. फक्त आपल्या कामाची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क तेवढा त्याला राहील. वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा सावकाश वाचावे. नाव छापायचे नाही हा धंद्याचा रिवाज, आणि रिवाजाप्रमाणे नाव छापले नाही म्हणून माणूस कलावंत नव्हे. प्रासंगिक कोण आणि आनुषंगिक कोण, हा वाद घालायलाही त्याला प्रथम कोठे तरी आपले नाव दाखवता आले पाहिजे.

चरणजितसिंगांचे नाव त्यांच्या तबकडीवर ठळक छापलेले होते, म्हणूनच ते सापडले. २००२ साली एडो बाउमन ह्या डच गृहस्थाला ती दिल्लीत जुन्या तबकड्यांत मिळाली. २०१० साली त्याने आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ ह्या संस्थेतर्फे ती पुन्हा काढली, आणि युरोपात एकच गलका झाला. कारण मधल्या काळात त्या नापास पेटीचे भाग्य उजळले होते. १९८७ मध्ये शिकागोच्या फ्यूचर नावाच्या काळ्या तरुणांच्या मंडळीने स्वस्तात मिळालेल्या जुन्या टी.बी.-३०३ ची खुंटी पिळून ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही तबकडी काढली आणि नाचाच्या संगीतात एक नवा संप्रदायच सुरू झाला. पण हे संगीत पाच वर्षे आधी मुंबईत कोणी वाजवले होते, ह्यावर कित्येकांचा विश्वास बसेना. ही जुन्या वेष्टनातली नवी थट्टा असावी, असा संशय काहींनी घेतला. शिकागोच्या पोरांनी मुंबईची तबकडी ऐकली होती असे मुळीच नाही. तरीही ज्या शहरात मळ्यावरच्या मजुराने गिटारीला वीज जोडली त्याच शहरात त्यांनी ही पेटी उचलली, ह्याचे आम्हांला कौतुक वाटते. चरणजितसिंग म्हातारपणी युरोपात जाऊन हजारो तरुणांपुढे ती यंत्रे वाजवून आले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

इकडे आमच्या जिल्ह्यात ज्या वरातीला बारा-पंधरा माणसांचा बँड लागे तेथे आता गाडीवर एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड आणि भोंगे असतात. पुष्कळदा तेही नसते, डीजेच असतो. हलगीवाले, क्लॅरोनेटवाले, जुने कर्णेवाले आमच्याकडे येतात ते एका वेगळ्याच कामासाठी. राज्य सरकार वृद्ध कलावंतांना मासिक मानधन देते. त्या अर्जाला, अमुक इतकी वर्षे कलेच्या क्षेत्रात काम केले, ह्याचे पुरावे जोडावे लागतात. जुन्या लग्नांच्या पावत्या कोणी जपलेल्या असल्याच तर त्यांवर बँडचे नाव असते, मालकाचे नाव असते, सुपारीची रक्कम असते. क्लॅरोनेट कोणी वाजवली ते नसते. मग आम्ही गावातील दोन-चार जाणत्यांना गाठतो, त्यांच्या सह्या घेतो, एखाद्या घरी लग्नाचा जुना अल्बम निघाला तर त्यातील वरातीचा फोटो मागून आणतो. फोटोत नवरदेव मधोमध स्पष्ट असतो. कर्ण्यामागे कोणाचा चेहरा आहे, ते त्या म्हातारबोवांना स्वतःच बोट ठेवून दाखवावे लागते.